साम्राज्य घेताय? आधी मेंटेनन्स विचारा

दुसऱ्या बाजीरावांनी पर्वतीवरच्या ज्या खिडकीतून खडकीची लढाई पाहिली असं सांगतात, तिच्याच आसपास आमचा सकाळचा कट्टा जमतो. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ धापा टाकत वर आले. भोसरीत त्यांचं नट-बोल्टचं वर्कशॉप आहे. नुकतंच दुसरं सीएनसी मशीन बसवलंय, त्यामुळे बोलण्याला जरा वजन आलंय. टोपीनं घाम पुसत म्हणाले, "देश आता कारखान्यांचा झाला. आता समुद्रापलीकडे आपलं काहीतरी पाहिजे. इंग्रजांचं होतं तसं."

तुमच्याही मनात हे अधूनमधून येत असणार, निदान सकाळच्या फॉरवर्डमध्ये तरी. तेव्हा चार गोष्टी सांगून ठेवतो. फी नाही.

पहिलं म्हणजे साम्राज्य सरकारच्या नावावर घ्यायचं नसतं. कंपनीच्या नावावर घ्यायचं. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर निशाण चढलं, तेव्हा ते चढवणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरचा भाव लंडनच्या बाजारात निघत होता. सोय अशी की नफा भागधारकांचा आणि बुडायची वेळ आली की सरकार आहेच. १७७३ मध्ये कंपनी गळ्यापर्यंत बुडाली, तर पार्लमेंटनं चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं, वर गोदामात पडून राहिलेला चहा अमेरिकेत खपवायची मुभा दिली. तो चहा बोस्टनच्या लोकांनी डिसेंबरात समुद्रात ओतला आणि दहा वर्षांत तेरा वसाहती हातच्या गेल्या. (वसाहत म्हणजे एमआयडीसीची नव्हे. ती अजून आपल्याकडेच आहे.) एका कंपनीचा शिल्लक माल उठवायला अर्धं खंड देऊन टाकायचं, याला दिलदारी लागते. ती तुमच्यात आहे का, बघा.

दुसरं, गिऱ्हाईक बांधून घ्या. हा मुद्दा वर्कशॉपवाल्यांनी नीट वाचावा. आधी आपल्या घरात परक्या मालाला दार बंद करायचं. इंग्रजांनी १७२१ मध्ये कायदा करून छापील सुती कापड अंगावर घालायलाच बंदी केली, कारण आपल्या छिटांपुढे त्यांच्या लोकरवाल्यांचं काही चालेना. पुढे इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या धडधडायला लागल्या, की मग खुल्या व्यापाराचं तत्त्वज्ञान सुचतं. आणि गिऱ्हाईकानं स्वतःच गिरणी काढली तर? १८९६ चा तोडगा पाहा: विलायती कापडावर हिंदुस्थानात साडेतीन टक्के जकात, म्हणून हिंदुस्थानी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी. न्याय म्हणजे न्याय.

आता बांधलेल्या गिऱ्हाईकाचा फायदा काय होतो, ते भोसरीच्या गृहस्थांना मी सांगायची गरज नाही. त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, ते दुसरीकडे जाऊच शकत नाही. त्याचा माल अजून त्या कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर निघतो, ज्याचा बेल्ट दर मंगळवारी उतरतो. नवं मशीन घेतलं ते दुसऱ्यासाठी, जो रोज चाकणमधून दुसरं कोटेशन मागवतो. इंग्लंडचं अगदी तसंच झालं. कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये लंडनच्या एका पोरसवदा रसायनशास्त्रज्ञानं, पर्किननं, शोधला. धंदा मात्र जर्मनांनी उभा केला. १८९० च्या दशकात पोलादातही जर्मनी पुढे गेली आणि १९१४ ला युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश गिरण्यांचे बहुतेक कृत्रिम रंग शत्रूच्या घरून येत होते. हिंदुस्थान घेतलाच होता, मग पुन्हा रसायनशास्त्र कशाला शिकायचं?

नट-बोल्टवाल्यांचे एक पूर्वजही होऊन गेलेत. जोसेफ चेंबरलेन, बर्मिंगहॅमचे स्क्रूवाले. स्क्रूवर गडगंज कमावलं, धंद्यातून बाहेर पडले, १८९५ मध्ये वसाहतमंत्री झाले. १९०३ मध्ये त्यांचं म्हणणं असं की बाहेरच्या स्वस्त मालापुढे आपले कारखाने टिकत नाहीत, तेव्हा साम्राज्याभोवती जकातीची भिंत घाला. जगातलं सर्वांत मोठं साम्राज्य हाताशी, आणि स्क्रूवाला म्हणतोय, वाचवा! मतदारांना पाव महागेल अशी धास्ती पडली आणि १९०६ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष साफ झोपला.

तब्येतीचंही बघायला हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांशी इंग्रजांचं युद्ध झालं, त्या भरतीसाठी कारखान्यांच्या गावांतली पोरं रांगेत उभी राहिली, तर छाती भरेना, दात किडलेले, कितीतरी जणांना तिथूनच घरी पाठवलं. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याच्या गल्लीत ऊन पोचत नव्हतं. मग समिती बसली आणि १९०६ मध्ये शाळेत गरीब मुलांना जेवण द्यायचा कायदा झाला. मुलांना खिचडी द्यायची तर आधी दक्षिण आफ्रिकेत वीस कोटी पौंडांवर खर्चाचं युद्ध करावं, हा क्रम तुम्हीही सोडू नका.

आता वॉचमन, म्हणजे फौज. साम्राज्य म्हटलं की वॉचमन लागतो आणि सोसायटीत राहणाऱ्यांना पुढचं माहीत आहे. जपानचंच घ्या. १८९५ मध्ये चीनकडून वीस कोटी तैल (तैल हे चिनी वजन) चांदीच्या घरात खंडणी मिळाली. त्यातून यावाताचा पोलाद कारखानाही निघाला. लोक म्हणाले, युद्धासारखा धंदा नाही. दहा वर्षांनी रशियाला हरवलं, तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांनाही भरतं आलं होतं, ते समजण्यासारखं आहे. पण त्या वेळी खंडणी शून्य. टोकियोच्या लोकांनी कर भरून भरून कंबर मोडून घेतलेली, त्यांनी सप्टेंबर १९०५ मध्ये पोलीस चौक्या पेटवल्या. मग कोरिया घेतला. तिथला आणि तैवानचा स्वस्त तांदूळ इतका आला की जपानी शेतकऱ्याच्याच तांदळाचा भाव पडला. शेतकऱ्याचा पोरगा फौजेत गेला. फौजेनं १९३१ मध्ये चीनच्या मांचुरियातल्या मुकदेन शहराजवळ आपल्याच रेल्वेखाली स्फोट केला, आळ चिन्यांवर घातला आणि टोकियोला न विचारता मांचुरिया घेतला. १५ मे १९३२ ला आरमाराचे तरुण अधिकारी पंतप्रधान इनुकाई यांच्या घरी शिरले आणि त्यांना गोळ्या घातल्या. थोडक्यात, वॉचमन ठेवा, पण तो चेअरमनच्या खुर्चीत बसला की मीटिंगची नोटीस निघत नाही.

राहता राहिला पैसा. इथे मात्र इंग्रजांना मानलं पाहिजे. आपला बोरघाट १८६३ मध्ये रेल्वेसाठी खुला झाला. विलायतेत त्या कंपनीचे शेअर घेणाऱ्याला पाच टक्क्यांची सरकारी हमी, गाडी चालो न चालो. १८६७ मध्ये घाटातला एक अख्खा पूल कोसळला. पाच टक्के जागचे हलले नाहीत. ते भरायचे कुणी, तर इथल्या रयतेनं. त्याच वर्षी तुर्की सुलतान लंडनला आला, तेव्हा हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या तिथल्या इंडिया ऑफिसनं त्याच्यासाठी झगझगीत नाचाची मेजवानी दिली आणि तिचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला.

हे सगळं मी परवा कट्ट्यावर वाचून दाखवलं. गृहस्थ शांतपणे ऐकत होते. जपानपाशी त्यांनी एकदा जांभईही दिली. मेजवानीपाशी आल्यावर मात्र एकदम सावरून बसले.

"म्हणजे नाचले ते, आणि बिल आपल्याला?"

"हो."

"जीएसटी धरून?"

मग बराच वेळ ते खाली खडकीच्या दिशेला बघत राहिले. धुरकट हवेत तसं काही दिसत नव्हतं. नऊला कुणीतरी मशीनचा माणूस यायचा होता, बेल्टसाठी, म्हणून पायऱ्या उतरायला लागले.