‘चालाल तर फुगाल’ म्हणे!

‘चालण्याने मेंदूतलं भुकेचं केंद्र चाळवतं, माणूस दुप्पट खातो, वजन वाढतं. चाळिशीनंतर शरीर स्थिर ठेवा, भूक आपोआप मरेल.’ हा मेसेज आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर फिरला आणि तिने सकाळचं चालणं बंद केलं. आत्याला मधुमेह आहे. नाहीतर असल्या मेसेजवर कोण वेळ घालवतं?

सगळ्यात अचाट आहे ते ‘स्थिर राहा, भूक मरेल’. बसून भूक मरत असती तर गल्ल्यावर बसणारे सगळे शेठ काटकुळे दिसले असते. हे गंमत म्हणून सांगत नाही. ज्याँ मायर या पोषणतज्ज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसोबत पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या 213 पुरुषांचा आहार, वजन आणि काम तपासलं. निबंध 1956 साली छापून आला. ओझी वाहणारे भरपूर खात, पण तेवढं खर्चही करत आणि अंगाने सडसडीत राहत. दिवसभर बसून असणारे दुकानदार आणि पर्यवेक्षक मात्र हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात, आणि वजनानेही तेच भारी. म्हणजे शरीर हलतं तेव्हा भूक खर्चाच्या मापात राहते. फारच बसून राहिलं की ते माप सुटतं. ही एका वेळची पाहणी आहे, तेवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कबूल. पण मेसेजवाल्याकडे तेवढंही नाही.

आता ते ‘भुकेचं केंद्र’. भूक सांभाळणारा हायपोथॅलॅमस नावाचा भाग मेंदूत असतो, एवढं मेसेजात बरोबर आहे. पण दमदार व्यायामानंतर काही काळ भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक उतरतं आणि पोट भरल्याची खबर देणारी संप्रेरकं वाढतात. धावून आल्या आल्या जेवण नकोसं वाटतं ते त्यामुळेच. लठ्ठपणात मेंदू लेप्टिनचा, म्हणजे चरबीतून निघणाऱ्या संप्रेरकाचा, ‘पुरे’ हा निरोप नीट ऐकत नाही. व्यायामाने ते ऐकणं सुधारतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही.

‘नुसत्या चालण्याने वजन उतरत नाही’ हे मेसेजातलं वाक्य मात्र, नाइलाजाने, बरंचसं खरं. पाऊण तास चालून जे जळतं ते परतीच्या वाटेवर एका वडापावात वसूल होतं, आणि मेंदूही थोडी भरपाई मागतोच. पण थोडी भरपाई म्हणजे दुप्पट नव्हे.

‘घाम म्हणजे वितळलेली चरबी’ असंही एक वाक्य त्यात आहे. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. पुढे चला.

शेवटी भूक मारणाऱ्या चूर्णाचा फोन नंबर दिलाय, तेव्हा चालणं का बंद करायचं ते उघडच आहे. आत्याचं नुकसान मात्र वजनापुरतं नाही. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनचं काम दुबळं असलं तरी. जेवणानंतरच्या शतपावलीनेसुद्धा साखरेची उसळी कमी होते. मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकीनेही विचारलं नाही, ग्रुपमध्ये मधुमेह कोणाकोणाला आहे.