मोनो सात दिवसांत मुळासकट जात नाही

ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये कॉलेजात आहेत, अशा घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मोनोन्यूक्लिओसिस ऊर्फ मोनो या ताप आणणाऱ्या, घसा सुजवणाऱ्या विषाणूजन्य आजारावरचा ‘सात दिवसांचा सर्वांगीण उपाय’ फिरतोय. त्याचा सारांश असा: हा आजार प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाच होतो. रिकाम्या पोटी गुळवेलीचा काढा, कच्चा लसूण आणि व्हिटॅमिन सीचे भरपूर डोस घ्यायचे, अंडी-दूध बंद करायचं, म्हणजे विषाणू मुळासकट निघून जातो. अशक्तपणा जावा म्हणून तिसऱ्या दिवसापासून सूर्यनमस्कार आणि कपालभाती. अँटिबायोटिक अजिबात नको.

पहिलाच मुद्दा उलटा आहे. मोनो बहुतेक वेळा एपस्टाइन-बार विषाणूमुळे होतो. युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या कर्करोगाच्या गाठींचे नमुने लंडनला आणून तपासताना हा विषाणू 1964 मध्ये सापडला. त्याचा मोनोशी संबंध कळला तो फिलाडेल्फियातल्या हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेत. त्यांच्याकडे काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी नव्हत्या. तिला मोनो झाला आणि त्या दिसू लागल्या. जगातल्या दहापैकी नऊहून जास्त प्रौढांना हा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला असतो. आपल्याकडे तो बहुधा अगदी लहानपणी, उष्ट्या पेल्या-चमच्यांतून होतो आणि साध्या सर्दी-तापासारखा जातो, किंवा कळतही नाही. तोच पंधरा-वीस वर्षांच्या धडधाकट मुलाला पहिल्यांदा गाठतो तेव्हा ताप, सुजलेला घसा, मानेतल्या गाठी असा सगळा संसार मांडतो. रक्ताच्या रिपोर्टवर ज्या ‘ॲटिपिकल’ पांढऱ्या पेशी दिसतात, त्या बहुतांशी विषाणूशी झुंजणाऱ्या आपल्याच टी-पेशी. रुग्णाला जे सोसावं लागतं त्यातलं बरंचसं या झुंजीमुळेच. अशा वेळी प्रतिकारशक्ती आणखी ‘वाढवून’ नेमकं काय साधणार, हे तो मजकूर सांगत नाही.

‘मुळासकट’बद्दल थोडक्यात: हा विषाणू बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये आयुष्यभर सुप्त राहतो आणि त्याला तिथून हुसकावणारं औषध कोणत्याही पॅथीकडे नाही. ॲसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाने लाळेतला विषाणू तेवढ्यापुरता कमी होतो, पण आजार लवकर बरा होत नाही. लसूण आणि व्हिटॅमिन सी यांच्या बाजूने तर तेवढाही पुरावा नाही. मजकुराच्या काही आवृत्त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराची भीती घातलेली असते. 2022 मध्ये अमेरिकी सैनिकांवरचा मोठा अभ्यास आला आणि या संसर्गानंतर त्या आजाराचा धोका 32 पट वाढलेला दिसला, हे खरं. पण विषाणू जवळपास सगळ्यांत असतो आणि तो आजार फार थोड्यांना होतो. काढ्याने हा धोका घटतो असं त्या अभ्यासात कुठेही नाही. अंडी-दूध बंद करण्याचं तर कारणच कळत नाही. आवंढा गिळणं कठीण झालेल्या मुलाच्या घशाखाली थंड दूध आणि मऊ उकडलेलं अंडंच उतरतं. तेच काढून घ्यायचं?

सात दिवसांचं म्हणाल, तर ताप आणि घसा साधारण दोन ते चार आठवड्यांत आपोआप उतरतो. तिसऱ्या आठवड्यात काढा सुरू करणाऱ्याला गुण येणारच.

गुळवेलीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोनोमध्ये बहुतेक रुग्णांच्या यकृताची एन्झाइम वाढलेली असतात, काहींना कावीळही होते. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला. हे रुग्ण मोनोचे नव्हते, आणि त्यांतल्या अनेकांना आधीपासून ऑटोइम्यून प्रवृत्ती (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याची) किंवा यकृताचे विकार होते. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. हा आक्षेप मान्य केला, तरी बाजारातून कांड्या आणणाऱ्या आईला ती ओळख कशी पटावी? आधीच सुजलेल्या यकृतावर हा प्रयोग कशाला? तापाला पॅरासिटामॉल घ्यावी, तीही ठरलेल्या मात्रेतच, आणि दारू पूर्ण बंद. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पेज, सरबत, झोप यांनी आराम पडतो, त्यांना कोणाचीच ना नाही.

तिसऱ्या दिवसापासून सूर्यनमस्कार ही तर या मजकुरातली सगळ्यात धोकादायक ओळ. स्वतःला सर्वांगीण म्हणवणाऱ्या उपायात प्लीहेचा, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या स्प्लीन या अवयवाचा, उल्लेखही नाही. मोनोच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांची प्लीहा वाढते. ती फुटणं दुर्मीळ आहे, शंभरात एकापेक्षाही कमी. पण फुटते तेव्हा बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत, आणि कधी कधी काहीही न लागता. म्हणून किमान तीन आठवडे खेळ आणि जड उचलणं बंद ठेवतात. कबड्डी-फुटबॉलसारख्या धक्काबुक्कीच्या खेळांना त्याहून जास्त थांबणं बरं. कपालभातीने प्लीहा फुटते असा दावा मी करणार नाही, पण पोटाला हिसके देणारं काहीही त्या काळात नको, एवढं तारतम्य हवं. याचा अर्थ महिनाभर अंथरुणात डांबून ठेवा असाही नव्हे. 1964 मधल्या एका अभ्यासात सक्तीने झोपवून ठेवलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा झेपेल तसं उठू-फिरू दिलेले लवकर सावरले होते. थकवा काहींना महिनोन्‌महिने पुरतो. ऑस्ट्रेलियातल्या डब्बोमध्ये मोनोसह तीन संसर्गांच्या रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा सहा महिन्यांनंतरही सुमारे 12 टक्क्यांना दीर्घ थकव्याचा विकार होता. अशा मुलाला ‘सात दिवस झाले, आता ऊठ’ म्हणणं क्रूरपणा आहे.

उरलं अँटिबायोटिक. विषाणूवर ते चालत नाही, हे बरोबर. शिवाय घसादुखी समजून ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातलं अँटिबायोटिक दिलं तर मोनोच्या अनेक रुग्णांच्या अंगभर पुरळ उठतं आणि त्यांना आयुष्यभर उगाच ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ चिकटते. पण सोबत स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संसर्ग तपासणीत सापडला, तर डॉक्टर योग्य ते अँटिबायोटिक देतील आणि ते घ्यावं लागेल. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात अचानक दुखू लागलं, चक्कर आली, श्वास अडकू लागला किंवा थुंकीही गिळता येईना, तर मात्र ग्रुपवर विचारत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या. मूल परदेशात असेल तर त्यालाच फोन करून आत्ताच्या आत्ता जायला सांगा.