एकदा डेंग्यू होऊन गेलाय? मग जास्त जपा

मागच्या सप्टेंबरात ताईला ताप आला, तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 2019 साली तिला डेंग्यू होऊन गेला होता. "आता परत कशाला होतोय," असं आईही म्हणाली आणि मीही. गोवर-कांजिण्यांचा हिशोब आम्ही डेंग्यूला लावला. माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं आजही तोच धरून बसली आहेत, म्हणून हे लिहितेय.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की फक्त त्याच प्रकारापासून कायमचं संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून जेमतेम काही महिने. पुढे वेगळ्या प्रकाराची लागण झाली, तर जुन्या प्रतिपिंडांना (अँटीबॉडीजना) तो विषाणू मारता येत नाही, उलट त्यांच्याच आधाराने तो पेशींत शिरू शकतो. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू गंभीर व्हायची भीती जास्त. त्यात ताईला मधुमेह. आणि आम्ही निवांत!

त्याहून मोठी चूक पुढे झाली. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. ताईने अंघोळ केली, मऊ भात खाल्ला, आईने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी पोट इतकं दुखायला लागलं की तिला कुशीवर वळता येईना. दोनदा उलटी झाली, हातपाय गार पडले. आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल. शेजारच्या काकू नर्स होत्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "ताप गेलाय म्हणूनच आत्ता न्या."

ताप उतरतानाचे 24 ते 48 तास हेच खरे धोक्याचे. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. ताई चार दिवस सलाईनवर होती. वाचली.

पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती, यातलं एकही दिसलं तर पपईच्या पानांचा रस काढत बसू नका, दवाखाना गाठा. अंगदुखीवर आयब्रुफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

आम्ही रात्री मच्छरदाणी लावायचो. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास चावतो दिवसा. ताई घरी शिवणकाम करते, दिवसभर पाय मशीनखालच्या अंधारात, घोटे उघडे. आता ती पायमोजे घालून, डास पळवणारं मलम लावून बसते. झिका नावाचा विषाणूही हाच डास पसरवतो. 2024 मध्ये पुण्यात गरोदर बायकांनाही त्याची लागण झाली होती.

फ्रिज ओढला तर मागच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळत होत्या. पाणी ओतून टाकलं म्हणजे झालं, असं वाटलं होतं. पण अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. आमच्याकडे पाणी दिवसाआड, त्यामुळे पिंप भरून ठेवावंच लागतं. दर रविवारी मी ते रिकामं करून काथ्याने आतून खसाखसा घासते.

आजारी माणसाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला विषाणू देऊ शकतो.

आज घरच्या ग्रुपवर विचाराच, कुणाला डेंग्यू होऊन गेलाय आणि कोणत्या साली. आमच्या सात जणांत तीन निघाले. मामांचं तर आम्हाला माहीतच नव्हतं.