एकाने पत्ता कळवला म्हणजे घरातल्या सगळ्यांचा कळवला, असं नाही

मुलं-सुना अमेरिकेत असलेल्या नागपूरकर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'घर बदललं की एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्याने पोस्टात नवा पत्ता द्यायचा, बस्स. बायको-मुलांचं आपोआप होतं.'

दोन्ही गोष्टी चूक. पोस्टातल्या नोंदीने फक्त टपाल वळतं. इमिग्रेशनवाल्यांना, म्हणजे यूएससीआयएसला, त्यातून काहीच कळत नाही. तिथे घर बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ फॉर्म भरावा लागतो आणि तोही प्रत्येकाचा वेगळा: एच-४ वरच्या (म्हणजे एच-१बी वाल्याच्या बायको-मुलांच्या व्हिसावरच्या) सुनेचा, नागपुरात जन्मलेल्या नातवाचासुद्धा. तिकडेच जन्मलेली नात अमेरिकी नागरिक, तिला हे लागू नाही. ग्रीनकार्डवाल्यांना मात्र लागू आहे. फॉर्म ऑनलाइन, फुकट भरता येतो. त्यासाठी सीताबर्डीतल्या एजंटाला पैसे कशाला मोजायचे?