वजनावर नाही, विषयावर

रद्दी घालायला गेलो आणि अब्रू घालवून आलो. नाशकातल्या रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीतला रद्दीवाला माझे सहा महिन्यांचे पेपर काट्यावर चढवत होता. शेजारच्या ढिगात एक कव्हर गेलेलं, कसर लागलेलं पुस्तक दिसलं. किंमत बारा आणे, विषय नवविवाहितांचं आरोग्य. मला जुन्या पुस्तकांचा नाद आहे. विषयाचा नाही. हे इथे सांगून ठेवतो, कारण तिथे कुणी ऐकून घेतलं नाही.

"कसं दिलं?"

"पन्नास."

"अरे, पुस्तकं किलोवर देतोस ना?"

त्याने पुस्तक उघडलं, मिटलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "साहेब, हा माल वजनावर जात नाही. विषयावर जातो."

आणि रद्दीवाल्याला हळू बोलता येत नाही.

मागे आमच्याच सोसायटीतले एक काका, मफलर गुंडाळून, पेपरची पिशवी घेऊन उभे होते. "बघू," म्हणत त्यांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. कपाळावरचा चष्मा नाकावर आला आणि जाहीर वाचन सुरू झालं. कांदा, लसूण, मसाले, चहा आणि कादंबऱ्या यांनी विकार बळावतात. मागच्या दोन बायका पुढे सरकल्या. एका कॉलेजच्या पोराने कानातली बोंडं काढली.

"लग्नाला किती वर्षं झाली हो तुमच्या?"

"अकरा."

"मग आता कशाला?" क्षणभर थांबून, आवाज खाली आणल्याचा आव आणत, "का आता म्हणूनच?"

"काका, मी आपलं सहज—"

"सहजच सुरू होतं सगळं. मिसळ बंद करा. पहाटे गार पाण्याने आंघोळ. पोट साफ होतं का?"

भर रस्त्यात, अकरा वाजता, चारचौघांत या प्रश्नाला माणसाने काय उत्तर द्यावं? मी "हो" म्हणालो. "रोज?" त्या पोरालाही आता उत्तराची उत्सुकता होती.

काकांना कल्पना नव्हती, पण त्यांचं घराणं मोठं आहे. अमेरिकेत १८३०च्या दशकात सिल्व्हेस्टर ग्रॅहम नावाचा धर्मोपदेशक हेच सांगत फिरायचा. मांस, मसाले, मैद्याचा पाव सोडा, वासना आपोआप थंडावेल. १८३७ मध्ये बोस्टनचे खाटीक आणि पाववाले त्याच्या व्याख्यानावर चालून गेले. नाशकात रविवारी सकाळी तर्री बंद करा म्हणून बघा, बोस्टन बरं वाटेल. इथे आख्खी कुटुंबं, आजीसकट, तर्रीत पाव बुडवत असतात आणि कुणाचे विकार बळावलेले दिसत नाहीत. बळावते ती फक्त झोप. पुढे कॉर्नफ्लेक्सवाल्या डॉ. केलॉगनेही तीच री ओढली. लोकांना संसाराचे धडे देणारं जाडजूड पुस्तक त्याने म्हणे स्वतःच्या मधुचंद्राच्या काळात लिहिलं. बायकोला काय वाटलं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

इथवर हसू येतं. पण आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. लोकांचे प्रश्न छापले, त्यांना सरळ उत्तरं दिली. पोट साफ आहे का, असं विचारून विषय टाळला नाही. त्यांना काय मिळालं? आधी प्राध्यापकी गेली, मग अश्लीलतेचे खटले. १९३४च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दोनशे रुपये दंड झालाच. घाबरवणाऱ्याला व्यासपीठ आणि माहिती देणाऱ्याला कोर्ट. आजही तेच. मोबाइलवर कुणीतरी दाढीवाला ब्रह्मचर्याचे फायदे सांगतो आणि आमचे काका तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सहाला टाकतात. पण औषधाच्या दुकानात साधं निरोधचं पाकीट मागा, ते अजून वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत मिळतं. ते वर्तमानपत्र पुन्हा याच रद्दीवाल्याकडचं.

असो. पन्नास रुपये मी दिले. पुस्तक काका घेऊन गेले. "चाळून देतो परवा." त्याला आता बारा दिवस झाले.

काल त्यांच्या घरून फोन आला. मला नाही, बायकोला. "तुमच्या ह्यांनी आमच्या ह्यांना कसलं घाणेरडं पुस्तक दिलंय हो? आठवडा झाला, घरात चहा बंद. कांदा बंद. मी वाचत होते ती कादंबरीसुद्धा माळ्यावर टाकली. या वयात!"

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रद्दीवाल्यानेही अगदी असंच बघितलं होतं.

"तू कसलं पुस्तक आणलं होतंस?"

"जुनं होतं."

"विषय काय?"

मी पेपरच्या रद्दीचे शहाऐंशी रुपये तिच्या हातावर ठेवले. तिने मोजले. छत्तीसच होते.

"आणि पन्नास?"