26.55 च्या खाली स्कोअर आला म्हणजे आजार झाला असं नाहीये

आमच्या कोथरूडच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर कालपासून एक मेसेज फिरतोय, "हे 19 प्रश्न सोडवा, 26.55 पेक्षा कमी आले तर तुम्हाला लैंगिक आजार आहे, 43 टक्के बायकांना असतो." दोघीतिघींनी भरला पण, आणि आता घाबरून बसल्यात, म्हणून लिहितेय.

प्रश्नावली खरी आहे. एफएसएफआय म्हणतात, 2000 सालची, गेल्या 4 आठवड्यांतली इच्छा, उत्तेजना, ओलावा, ऑरगॅझम, समाधान आणि दुखणं विचारते. पण 26.55 हा आकडा फक्त चाळणीचा, म्हणजे कुणाला पुढे तपासायचं ते ठरवण्याचा आहे, निदान डॉक्टर बोलून, तपासून करतात.

आता खरी गोची बघा. ग्रुपमधल्याच एकीचा नवरा दोन महिने ऑनसाइट आहे, हिंजवडीतून पाठवलंय. तिनं इच्छेच्या दोन्ही प्रश्नांना सगळ्यात वरचं उत्तर दिलं, नात्यात आणि एकूणात पूर्ण समाधानी असंही लिहिलं, पण महिनाभर काही झालंच नाही म्हणून बाकी सगळीकडे 'संबंध आलेच नाहीत' हा पर्याय निवडला आणि त्याला गुण शून्य! मी तिच्या शेजारी बसून बेरीज केली, इच्छेचे 6, समाधानाचे 4 (तिथलाही एक प्रश्न शून्यात गेला), उरलेले चारही भाग शून्य, 36 पैकी 10. रडायला आली होती हो ती. आणि जिला दुखतं म्हणून जी टाळते तिलाही तिथे शून्यच, म्हणजे या दोघींतला फरक त्या आकड्याला कळतच नाही.

43 टक्के तर या फॉर्मचे नाहीतच. 1999 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात वर्षभरात काही महिने एखादी तक्रार होती का, हो की नाही, एवढंच विचारलेलं, एक जरी हो आलं की ती बाई त्या 43 टक्क्यांत धरली. त्याचा तुम्हाला त्रास होतो का हे विचारलं नव्हतं. 2008 मध्ये तिथेच 31 हजारांवर बायकांना तेही विचारलं, तेव्हा तक्रारी साधारण तेवढ्याच निघाल्या, पण तक्रार आणि त्रास दोन्ही असलेल्या 12 टक्के. या 19 प्रश्नांतही तो त्रास विचारलेला नाही, त्याची प्रश्नावली वेगळी आहे.

ग्रुपवर एकीचं म्हणणं, बायका खरं सांगतच नाहीत, फेकून द्या असले फॉर्म. हे पण पटत नाही मला. इच्छा मोजायची रक्ततपासणी नसते, जिची तिलाच विचारावं लागतं, फक्त ती एकटी शांतपणे भरतेय की सासूबाई शेजारी बसल्यात हे बघायला हवं.

आणि दुखत असेल तर स्कोअर 30 येऊ दे नाहीतर 10, गायनॅककडे जा, डिलिव्हरी, पाळी जाणं, डिप्रेशनच्या गोळ्या, जे असेल ते सगळं सांगा त्यांना.