विलापगीत: बावीस अक्षरांतला आकांत

बायबलमधलं साहित्य म्हटलं की आपल्याला येशूचे दाखले आठवतात, फार तर स्तोत्रं. त्यातलं ‘विलापगीत’ हे छोटं पुस्तक सहसा कुणी उघडत नाही. त्याच्या तिसऱ्या अध्यायातली परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, असं सांगणारी दोन वचनं तेवढी शुभेच्छापत्रांवर दिसतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ती वचनं कुठल्या आक्रोशाच्या मधोमध आली आहेत, हे कळल्याशिवाय ती कळतच नाहीत.

इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेने यरुशलेम उद्ध्वस्त केलं, मंदिर जाळलं. त्यावरच्या या पाच कविता, एकेका अध्यायात एकेक. पहिल्या चार वर्णानुक्रमाने बांधलेल्या. हिब्रू अक्षरं २२, म्हणून कडवी २२. पहिलं आलेफने सुरू, दुसरं बेथने, असं थेट तावपर्यंत. तिसऱ्या कवितेत तर एकेका अक्षराला तीन-तीन वचनं, एकूण ६६.

दुसऱ्या कवितेत भुकेने भोवळ येऊन रस्त्यात पडलेली मुलं आईला विचारतात, धान्य कुठे आहे, द्राक्षारस कुठे आहे? आणि तिच्या कुशीतच प्राण सोडतात. हे सांगतानाही कवी अक्षरांचा क्रम सोडत नाही. काहींना ही कारागिरी कृत्रिम वाटते. मला नाही वाटत. आपल्याकडे मयतावर रडणाऱ्या बायकाही सूर धरून, गेलेल्याची एकेक आठवण काढत रडतात. ते रडणं काय खोटं असतं?

खरी कमाल पुढे आहे. पहिल्या तीन कवितांत एका अक्षराला साधारण तीन ओळी मिळतात, चौथीत दोनच. पाचवीत वचनं २२च, पण ओळ एकेक आणि अक्षरांचा क्रम नाहीसा. रडून रडून दम संपत यावा तशी रचना आटत जाते. तिथे उरतात साधी, कोरडी वाक्यं: आमचंच पाणी आम्ही पैसे मोजून पितो, आमचीच लाकडं आम्हाला विकत घ्यावी लागतात. पराभूत माणसाचं जगणं याहून नेमकं कसं सांगणार?

ज्यू लोक हिब्रू पंचांगातल्या आब महिन्याच्या नवमीला उपास करून हे वाचतात. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, याच दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत आले. शेवटचं वचन, तू आम्हाला पुरतं टाकलं आहेस का, या अर्थाचं, इतकं जिव्हारी लागणारं आहे की ते म्हणून झाल्यावर त्याच्या आधीचं, आम्हाला परत आण असं विनवणारं वचन पुन्हा म्हणतात. कवीने मात्र शेवट उघडाच ठेवलाय.

मराठीत वाचताना अक्षरांची ही बांधणी दिसत नाही, ते साहजिकच आहे. पण कडव्यांच्या कडेला आलेफ, बेथ, गिमेल एवढं छापायला काय हरकत आहे? पाचव्या अध्यायाशी ती कड कोरी राहिली, की वाचणारा आपोआप थबकेल.